साय आणि हत्तीचा दात

किन्हवली, ता. शहापूर
मंगळवार, ९ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. तानी हिला तिच्या आईचा, म्हंजे सकुबाईचा, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. जावयांना नमस्कार सांग. त्यांचा गुडघा कसा हाय? मागच्या खेपेला आली व्हतीस तवा बोललीस का तेलानी उतार पडला. पडला असंल तर तेल बंद करू नका, आणि पडला नसंल तर तेल बदला. म्हस व्याली का? रेडी झाली असंल तर लगोलग कळव, रेडा झाला असंल तर सावकाश कळवलंस तरी चालंल. मुरबाडला थंडी हाय का गेली? हितं आमी सगळी खुशाल हाव. माझी तब्येत ठणठणीत. भूक लागते, झोप लागते, डोळे चांगले हायत. (वन्सं, मी रोशनी. पत्र मीच लिहितेय, कारण दुपारच्या वेळी या घरात लिहिता येणारी मी एकटीच असते. आईंनी बजावलंय की मी बोलते तसंच लिही, तुझं दहावी पास शुद्ध त्यात घालू नको. म्हणून कंसाबाहेर आहे ते त्यांचं आणि कंसातलं माझं. आईंना अक्षर येत नाही, तेव्हा कंसही माहीत नाही. डोळे चांगले नाहीत. मुळीच चांगले नाहीत. तेवढं तुम्हाला कळवायचं म्हणून मी भांडी तशीच टाकून लिहायला बसलेय, तेव्हा कंस सोडून पुढे जाऊ नका.)

आता मुद्द्याचं बोलते. तुला म्हायती हाय का तुझ्या भावानी मागच्या अंगाला नवी खोली काढली. कुडाची नाय, चांगली विटांची. गिलावा झाला, फरशी झाली, खिडकीला गज बसले, राहिला तो आतला रंग. अनंताला इचारलं, का रं बाबा, कंचा लावायचा? तर बोलला तुमी दोघी ठरवा, आणि सायकल घेऊन आसनगावला कंपनीत पळाला. तवापासून त्याची रोजच दुसरी पाळी असते. सकाळचा पण नदरंला पडत नाय. (सकाळी ते घरातच असतात, आई. म्हणजे वन्सं, ते घरातच असतात. आईंच्या समोरून चहा पिऊन जातात. गप्प राहतात एवढंच, कारण बोलले तर मत द्यावं लागेल.) मग तुझ्या भावजयीनी चांगो रंगाऱ्याला बोलावणं धाडलं. चांगो म्हंजे आपल्या वरच्या आळीतला, शाळा रंगवली तो. माणूस चांगला, कामाला पण चांगला, फक्त बोलावल्यावर येतो आणि आल्यावर बसतो. तो रंगांचं पुस्तक घेऊन आला. काय रंग व्हते गो त्याच्यात! निळा व्हता, हिरवा व्हता, एक तर असा गुलाबी व्हता का बघूनच पोट भरावं. (पुस्तक आईंनी उलटं धरलं होतं. ज्याला त्या निळा म्हणाल्या ते कंपनीचं नाव होतं, आणि गुलाबीवर बोट ठेवलं तिथे चांगोचा अंगठा होता.) एवढे रंग सोडून हिनी दोनच बाजूला काढले, आणि ते दोनी असे फिकट का रंग हाय का रंगाची आठवण हाय तेच समजू नये. एक साय. दुसरा हत्तीचा दात.

साय म्हंजे दुधावरची साय, चांगोच्या भाषेत क्रीम. ती मला आवडली. घरात म्हस व्हती तवापासनं सायीला मी वळखते. पण हिनी हत्तीचा दात धरला. त्याला विंग्रजीत आयव्हरी म्हनतात म्हणे. आता मला सांग तानी, हत्तीचा दात कसा असतो ते हिला काय ठावं? शहापुरात सर्कस आली व्हती तवा हिचा जन्म पण झाला नव्हता. मी गेली व्हती बघायला, तुझ्या बापाबरोबर, बैलगाडीनी. मी बघितलाय हत्ती. पिवळा दात व्हता, बिड्या वढल्यासारका. तो भिंतीला लावायचा? त्याच्या खाली बसून जेवायचं? पण हिला कोण सांगणार. हिचं एकच, का आई साय मळते, साय मळते. अगो, हत्तीचा दात मळत नाय का? तो हत्ती काय रोज राखुंडी लावतो? (वन्सं, साय खरोखर मळते. चांगोही तेच म्हणाला. पण आईंचा आवाज चढला तसा तो म्हणाला की हत्तीही मळतो.)

भिंतीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये येवढंच माझं बोलनं. चाळीस वर्सं या गावातल्या भिंती माझ्या हाताखालनं गेल्या. कुणाचं लगीन निघालं का पयलं बोलावणं मला. शेणामातीनी भिंत सारवायची, वर गेरू फिरवायचा, आणि तांदळाच्या पिठानी चौक काढायचा तो सकूनीच. सकूच्या चौकाशिवाय या वाडीत एका पोरीला हळद लागली नाय. माझी रेघ बघायला किन्हवलीच्या मास्तरणी यायच्या. दोरी धरून काढली असं बोलायच्या, आणि मी दोरीला कधी हात पण लावला नाय. (हे सगळं खरं आहे, वन्सं, तुम्हाला मी काय सांगू. पण गेल्या वैशाखातलं तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. राघोभाऊंच्या पोरीच्या लग्नात आईंनी चौक काढला. तीन बाजू झाल्या, आणि चौथी रेघ भिंत सोडून दाराच्या चौकटीवर गेली, तिथून खाली उंबऱ्यापर्यंत. कुणीतरी म्हणालं, वा, झकास झालाय. आई पाट उचलून घरी आल्या आणि मागे जनीकाकूंनी फडक्याने पुसून पुन्हा काढला. आईंना कुणी बोललं नाही. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, आणि त्यानंतर तीन घरची बोलावणी आली तर तिन्ही वेळा म्हणाल्या पाय दुखतो. पाय दुखत नाही. त्या दिवसापासून मला त्यांच्याकडे बघवत नाही, खरं सांगते.)

काय गो लिहितेस येवढं? मी दोन शब्द बोलले का हिचं पेन गावाला जाऊन येतंय. इचारलं तर बोलते जोडाक्षरं हायत आई, त्यांना टाइम लागतो. माझ्या बोलन्यात येवढी जोडाक्षरं कुठनं आली?

तर चांगो बोलला, आज्ये, भांडू नका, दोनी रंगांचा एक एक पट्टा लावून दाखवतो. लावला. खिडकीशेजारी माझी साय, दाराशेजारी हिचा दात. चांगले सुपाएवढे सुपाएवढे चौकोन. झालं! कुणीतरी हातपंपावर बातमी नेली आणि दुपारपासनं आळीची आळी खोलीत. रंग बघायला म्हणून यायचे, चाय पिऊन जायचे, आणि उरलेलं मत द्यायला संध्याकाळी परत यायचे. जनी आली. ती आधी सायीला पाठ लावून बसली, मग दाताला पाठ लावून बसली, आणि बोलली का साय उष्ण हाय आणि दात थंड हाय, उन्हाळ्यात फरक पडंल. तिचा नवरा लडकू बोलला का सायीवर डास उठून दिसतील म्हंजे मारायला बरं. राघो भगत दारातनं आतच येईना. हात कपाळाला लावून लांबनं बघत राहिला आणि बोलला, दातानी खोली मोठी वाटते. मी बोलले, तू बाहेर उभा हायस म्हणून मोठी वाटते, आत ये. दोन दिवसांत वाडीत सायवाले आणि दातवाले असे दोन तट पडले. दातवाल्यांच्या घरची कोंबडी आता माझ्या अंगणात आली तरी मी हाकलते. (ती आपलीच कोंबडी आहे, वन्सं. तीन दिवस बाहेर झोपतेय बिचारी.)

शेवटाला मी बोलले, मानसांचं ऐकून काय खरं नाय, राघोला दाणे बघायला लावू. राघोनी सुपात तांदूळ घेतले, डोळे मिटले, पुटपुटला, चिमूट चिमूट ठेवत गेला. जोडीनी उरले तर साय, एक सुटा उरला तर दात. पयल्या खेपेला साय आली. ही बोलली परत मोजा. दुसऱ्या खेपेला दात आला. मी बोलले परत मोज. तिसऱ्या खेपेला राघो डोळे मिटून पुटपुटत व्हता तवर कोंबडी आली आणि देवाचा निकाल खाऊन गेली. राघो बोलला आता चाळीस दिवस इचारता येणार नाय. म्हणून आता तुझ्यावर आलंय. तू माहेरवाशीण, तुझा शब्द आमी दोघी पाळू असं ठरलंय. (हे मात्र खरंच ठरलंय.)

(वन्सं, आई पाणी प्यायला गेल्यात तेवढ्यात भरभर लिहिते. ज्या दिवशी पट्टे लावले त्याच्या तिसऱ्या दिवशी खोलीत आठ-दहा माणसं भांडत होती. जनीकाकू म्हणत होत्या की फरक आंधळ्यालाही दिसेल. तेव्हा आई कोपऱ्यात बसल्या बसल्या एकदम म्हणाल्या, काय फरक हाय गो त्यात, दोनी सारकेच तर हायत. सगळे हसले. आईपण मग हसल्या, मस्करी केली म्हणाल्या. पण मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि ती मस्करी नव्हती. त्यांना खरंच दोन्ही एक दिसत होते. मग मी जरा लक्ष ठेवलं. चहा कपाच्या बाहेर ओततात आणि कप गळका आहे म्हणतात. तांदूळ निवडतात तेव्हा खडे सुपात आणि तांदूळ अंगणात. परवा तर तिन्हीसांजेला गोठ्याशी जनीकाकूंचा बोकड उभा होता, त्याला म्हणाल्या, अनंता, आज लवकर आलास, जेवलास का? बोकड काही बोलला नाही. त्यावरून दोन दिवस ह्यांच्याशी अबोला. ह्यांना कारणच कळेना. तर रविवारी २१ तारखेला शहापूरला शाळेत डोळ्यांचं शिबिर आहे. मुंबईचे डॉक्टर येणार आहेत. ज्यांचा मोतीबिंदू पिकलाय त्यांना तिथूनच गाडीने कल्याणला नेतात, ऑपरेशन करतात आणि तीन दिवसांनी परत आणून सोडतात. मी विषय काढला तर अंगावर आल्या. तुमचं त्या ऐकतात. शनिवारीच या.)

आता हीच बघ काल मला काय बोलते. आई, शिबिर हाय, जाऊन तर बघू. मी काय म्हातारी झाले का काय? आणि शिबिरात काय करतात ते मला ठावं हाय. खालच्या आळीतला रंगूबाबा गेला व्हता मागच्या साली. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून परत आला. घरी आल्यावर पट्टी सोडली, बायकोला नीट निरखून बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडं राहायला गेला तो अजून आला नाय. असले डोळे काय कामाचे? त्यापरीस माझं बरं हाय. मला सगळी मानसं चांगली दिसतात. (त्यांना सगळी माणसं एकच दिसतात. वन्सं, असं करा. शनिवारी आलात की म्हणा, आई, माझ्याच डोळ्यांना त्रास होतोय, एकटीला भीती वाटते, तू सोबत चल. लेकीसाठी त्या नाही म्हणणार नाहीत. रांगेत उभं राहायचं, तुमचं नाव पुकारलं की त्यांना पुढे करायचं. डॉक्टरांना मी आधीच चिठ्ठी देऊन ठेवते. खोटं बोलल्याचं पाप सगळं माझ्या माथी.)

बघ, परत जोडाक्षरं आली.

बाकी सगळं ठीक. तू लवकर ये आणि आल्यावर खोलीत पाय ठेवल्या ठेवल्या, कुणी काय इचारायच्या आत, मोठ्यांदा साय असं बोल. भावजयीचं तोंड बघायचं नाय, नायतर तुझा जीव पाघळंल, तू लहानपणापासनं तशीच. शिमग्याच्या आत रंग झाला पायजे. येताना वालाचं बिरडं करायला वाल आण, हितले किडके निघाले. जावयांना गुडघ्याचं इचारलंय म्हणून सांग. मी अंगठा लावते.

तुझी आई,
सकुबाई

(अंगठा पहिल्यांदा पाटावर उमटला, दुसऱ्यांदा माझ्या मनगटावर. वर दिसतोय तो तिसरा, तो मी हात धरून लावला.)

ता. क. हे पत्र जावयांना दाखवू नको. सर्कशीला मी लग्नाआधीच गेली व्हती, ते त्यांना सांगितलेलं नाय.

ता. क. (वन्सं, माझं शेवटचं. मी हत्तीच्या दातावर एवढी का अडून बसले ते तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्ही मला वाईट म्हणणार नाही. आठ वर्षं झाली मला या घरात येऊन. काय शिजवायचं, काय पेरायचं, कुणाला बोलवायचं, सगळं ठरलेलं असतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चांगोने पुस्तक उघडून विचारलं, वैनी, तुम्हाला कोणता? तेव्हा पहिल्यांदा मला कुणी विचारलं. म्हणून मी हट्ट धरला. आता मला रंगाचं काही नाही. साय लावा, शेणाने सारवा, काहीही करा. फक्त आईंना शिबिराला न्या. त्या आंधळ्या झाल्या आणि मी नव्या खोलीतल्या माझ्या रंगाकडे बघत बसले, असं व्हायला नको. मी सायीला हो म्हणेन. ते त्यांना आत्ताच सांगू नका, नाहीतर त्यांना संशय येईल. पाकीट चिकटवायला घरात डिंक नाही, शितं लावेन म्हटलं तर आज भाकरीच केल्यात. चांगो शहापूरला निघालाय, त्याच्याकडे देते, तो चिकटवून टाकेल. तुमची, रोशनी.)

ता. क. तानीताई, नमस्कार. अक्षर बदललं म्हणून घाबरू नका, मी चांगो रंगारी. पत्र पोष्टात टाकायला घेऊन निघालो तर हातपंपाच्या पुढं चिंचेखाली तुमची आई काठी घेऊन उभी. बोलली, चांगो, ते पाकीट काढ आणि वाच. मी बोललो, आज्ये, दुसऱ्याचं पत्र वाचू नये. ती बोलली, माझंच हाय, मीच सांगितलंय. आता यात मी काय बोलणार? वाचायला लागलो. मला वाटलं कंसातलं पण तिला ठावं असंल, म्हणून सरसकट वाचत गेलो. ‘डोळे चांगले नाहीत’ तिथं आलो तवा समजलं आपण काय करतोय, पण मधेच थांबलो असतो तर काठी माझ्या पाठीत होती. सगळं वाचलं. बोकडाचं पण. मग म्हातारी खाली बसली आणि बोलली, पेन काढ. तर आता पुढचं तिचं हाय, मी एक अक्षर इकडचं तिकडं केलेलं नाय.

तानी, ही पोर मला येडी समजते. पेन कुठं किती चालतं ते ऐकायला डोळे लागत नायत. मला दिसत नाय, हे काय मला म्हायती नाय? दोन वर्सं झाली. आधी धुकं आल्यासारकं व्हतं, आता भिंत आणि दार एक झालंय. राघोच्या घरी रेघ दारावर गेली ती मला बोटाला समजली, लाकूड लागलं ना. आणि मागं जनीनी पुसलं ते पण समजलं, मी अंगणाच्या बाहेर उभी व्हती, फडक्याचा आवाज येत व्हता. त्या दिवशी मला मरून जावंसं वाटलं, तानी. चाळीस वर्सांचा हात तो. मी शिबिराला घाबरते ती सुरीला नाय घाबरत. पट्टी सोडली आणि तरी दिसलं नाय, मग काय करू? आता निदान डोळे चांगले हायत असं बोलता तरी येतं. मग तेवढं पण बोलता यायचं नाय.

आणि साय का हत्तीचा दात त्याचं मला काय पडलंय! मला दोनी एकच. पण मी गप बसले असते ना, तर हिनी चांगोकडनं दोन दिवसांत खोली रंगवून घेतली असती, आणि माझ्या घरातली पयली रंगाची भिंत मी बघितलीच नसती. म्हणून भांडले. दाणे काढले, कोंबडी सोडली. होय, कोंबडी मीच सोडली. जेवढे दिवस भांडण तेवढे दिवस भिंत कोरी. वाटलं, तवर जिवाचा धीर व्हईल. आज चांगोच्या तोंडून हिचं सगळं ऐकलं आणि धीर झाला. आठ वर्सांत हिला कुणी इचारलं नाय म्हणते, ते खरं हाय, मीच नाय इचारलं. मला पण माझ्या सासूनी कधी इचारलं नव्हतं, म्हणून मला वाटलं असंच असतं. तर तू शनिवारी ये आणि ही बोलते तसंच खोटं बोल. मी नाय म्हनेन, दोन येळा. तिसऱ्यांदा येईन. तिला तिची युक्ती लागू पडली असंच वाटू दे. आणि मी परत आल्यावर खोलीला हत्तीचा दात लावायचा. मी डोळे उघडून बघेन आणि बोलेन, रोशनी, तुझाच चांगला हाय गो. पण तवर तिला सांगायचं नाय. तवर मी सायीसाठीच भांडणार, मला त्याच्यात मजा येते.

ता. क. ताई, आता हे माझं. तुमची आई समोर बसलीय, तिला वाटतंय मी पाकिटावर पत्ता लिहितोय. तुमी माहेरवाशीण, शाणी बाई, म्हणून तुमच्यापुढं कबूल करतो. त्या दिवशी दुकानात एकच डबा होता, क्रीमचा. आयव्हरी दोन दिवसांनी येणार होता. पण दोघी सासूसुना डोक्यावर उभ्या, आत्ताच्या आत्ता दोन्ही लावून दाखव. मी काय केलं, एकाच डब्यातला रंग दोन वाट्यांत घेतला, दोन वेगळे ब्रश काढले, आणि एक खिडकीशी लावला, एक दाराशी. खिडकीशी ऊन येतं, दाराशी नाय, तेवढ्यावर दिवस निघून जाईल असं वाटलं. डबा आला का दारावर खरा आयव्हरी फिरवणार होतो. दुसऱ्या दिवशी आलो तर निम्मी वाडी आत, जनीकाकू पाठ लावून उष्ण-थंड बघत बसलेल्या, दोन पार्ट्या पडलेल्या. त्या गर्दीत मी कुठल्या तोंडानं खरं सांगू? आता सून सायीला तयार हाय, सासू दाताला तयार हाय, आणि खोलीत दोन्ही भिंतींवर सायच हाय. दहा माणसांत ‘दोनी सारकेच हायत’ असं खरं बोलली ती एकटी तुमची आई, आणि आमी सगळे तिलाच हसलो. मी पण हसलो, ताई, त्याचं मला लय वाईट वाटतं. तर शनिवारी नक्की या आणि तिला शिबिराला न्याच. देव करो आणि चांगली नजर येवो. फक्त एक इनंती. आयव्हरीचा डबा अजून आलेला नाय. म्हातारी नवे डोळे घेऊन तीन दिवसांत परत आली तर पयलं मला पकडंल. तिथल्या डॉक्टरांना इचारून तिला अजून दोन दिवस जास्त ठेवून घेता येतं का, तेवढं बघा.